चष्मा उतरविण्यापूर्वी

तुळशीचे लग्न लागले, की मराठी घरांत वधूवरांच्या बैठकी सुरू होतात आणि मुलीच्या रंगाबरोबर तिच्या चष्म्याचीही चौकशी होते. सुरतेच्या गोडादरा भागात जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेल्या कुटुंबांनी कापडधंद्याच्या आधारावर संसार उभे केले. ही रीतही तापीच्या पाण्याबरोबर तेथवर वाहत आली आहे. मुलांचे कारण निराळे. त्यांना पोलीस, सैन्य किंवा रेल्वेची भरती खुणावत असते. मग कोणीतरी लेसर शस्त्रक्रियेचे नाव काढतो, एखादी जाहिरात काही मिनिटांत चष्म्यापासून मुक्तीचे आश्वासन देते आणि घरातली ठेव मोडली जाते.

या शस्त्रक्रियेस आमचा विरोध नाही. उलट, तिच्या मुळाशी मद्रास विद्यापीठात शिकलेल्या रंगस्वामी श्रीनिवासन यांचे संशोधन आहे, याचा आम्हांस अभिमान वाटतो. १९८१ साली अमेरिकेतील आय.बी.एम.च्या प्रयोगशाळेत, सणाच्या मेजवानीतून उरलेल्या टर्कीच्या मांसावर एक्सायमर लेसर सोडून, तो शेजारचा भाग न करपवता सूक्ष्म छेद घेतो हे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिले. आमची तक्रार शास्त्राविषयी नाही. रुग्णास पुरते न सांगता त्याची सही घेण्याच्या घाईविषयी आहे.

प्रत्यक्षात घडते ते असे. बाहुलीवरील पारदर्शक पडद्याचा, म्हणजे कॉर्नियाचा, आकार बदलणे हे या उपचाराचे सार. हा पडदा मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो आणि त्यातून काढलेला भाग पुन्हा बसवता येत नाही. म्हणून खरी परीक्षा शस्त्रक्रियेच्या आधी असते. पडद्याची जाडी व वक्रता मोजावी लागते, कॉन्टॅक्ट लेन्स काही आठवडे आधीच बंद कराव्या लागतात. वय अठराच्या आत असेल, नंबर अद्याप बदलत असेल, पडदा पातळ किंवा शंकूसारखा होत असेल, तर प्रामाणिक डॉक्टर नकार देतो. असा नकार ऐकून दुसरे रुग्णालय शोधणाऱ्यांची आम्हांस भीती वाटते.

टेबलावर निजल्यावर इंजेक्शन नसते. थेंबांनी डोळा बधिर करतात आणि पापण्या चिमट्याने उघड्या धरतात. पडद्याचा पातळ पापुद्रा कापताना डोळ्यावर दाब येतो व काही क्षण दृष्टी मंदावते. हे ठाऊक नसलेला माणूस तेथेच घाबरतो. मग पापुद्रा उचलून लेसर चालू होतो. टिकटिक ऐकू येते, केस जळल्यासारखा वास येतो. पण डोळा जळत नसतो. रुग्णाने समोरच्या दिव्याकडे पाहत राहावयाचे. पापुद्रा परत बसवला, की टाक्यांवाचून तो चिकटतो. सगळे अर्ध्या तासाच्या आत आटोपते.

जाहिरात येथे संपते; रुग्णाचे काम मात्र येथून सुरू होते. काही तास आग होते, पाणी वाहते, उजेड सोसत नाही. डोळा चोळावयाचा नाही, कारण पापुद्रा सरकू शकतो. एक-दोन दिवसांत तपासणीस जावे लागते, थेंब नेमाने घालावे लागतात. काजळ दोन आठवडे वर्ज्य. नदी-समुद्राचे स्नान त्याहून अधिक काळ. लग्नाच्या आठ दिवस आधी शस्त्रक्रिया करून वधूला काजळ घालून होमाच्या धुरापुढे बसवणे हा शुद्ध अविचार होय. धुळवडीचेही तेच. दृष्टी स्थिरावण्यास काही महिने लागू शकतात. डोळ्यांचा कोरडेपणा आणि रात्री दिव्यांभोवती दिसणारी वलये काहींची पाठ सोडतच नाहीत. रात्रपाळीत यंत्रावर बसणाऱ्याने हे आधी तोलून पाहावे.

चाळिशीनंतरच्या स्त्रियांसाठी आणखी एक गोष्ट. लांबचा चष्मा असलेली बाई तो काढून सुईत दोरा सहज ओवते, साडीवर टिकल्या लावते. लांबची नजर सुधारली, की ही सोय जाते आणि जवळच्या कामासाठी नवा चष्मा येतो. घरी बसून असे काम करणाऱ्या बाईचे त्यात नुकसानच अधिक.

सर्वांत वाईट फसगत तरुणांची होते. रेल्वेच्या सहायक लोको पायलट पदाच्या २०२४ च्या भरतीच्या जाहिरातीत, लॅसिक किंवा तत्सम शस्त्रक्रिया केलेला उमेदवार अपात्र, असे स्पष्ट म्हटले होते. म्हणजे भुसावळच्या वाटेवर इंजिन चालवण्याचे स्वप्न पाहणारा मुलगा ज्या उपायाने पात्र होऊ पाहतो, त्याच उपायाने तो कायमचा बाद होतो! सैन्याचे नियम वेगळे. तेथे शस्त्रक्रियेच्या वेळचे वय व त्यानंतर गेलेला काळ पाहिला जातो. आधी भरतीची जाहिरात वाचावी, मग डॉक्टरांकडे जावे.

रुग्णालयांकडे आमची मागणी साधी आहे. संमतिपत्र रुग्णाच्या भाषेत असावे, सुरतेत ते गुजरातीबरोबर मराठीतही असावे, आणि ते घरी नेऊन वाचण्यासाठी काही दिवस आधी द्यावे. शस्त्रक्रियेपूर्वीच्या मापांचे कागदही रुग्णाच्या हाती पडलेच पाहिजेत. पुढे मोतीबिंदू झाल्यावर आत बसवावयाच्या भिंगाचा नंबर काढताना डॉक्टर तेच कागद मागतात.