कर्क्युमिन, हरिद्रा आणि आपली जबाबदारी

‘मोठ्या आतड्याचा कर्करोग होऊ नये म्हणून कर्क्युमिन घ्यावे काय?’ ही विचारणा दवाखान्यात होते, तशी औषधी दुकानातही होते. विचारणाऱ्याच्या कुटुंबात ही व्याधी आधीच असेल, तर उत्तराचे दायित्व वाढते.

आनुवंशिक पॉलिपोसिसमध्ये आतड्यात शेकडो अंकुर (पॉलिप) उगवतात आणि उपचाराअभावी कर्करोग जवळजवळ अटळ असतो. अशा पाच रुग्णांना कर्क्युमिन व क्वेर्सेटिन दिल्यावर अंकुरांची संख्या सुमारे ६० टक्क्यांनी घटली, असे मार्सिया क्रुझ-कोरिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केले. हा आकडा आपल्याकडे मोठ्या उत्साहाने सांगितला जातो. परंतु तेथे तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. पुढे त्याच संशोधिकेने ४४ रुग्णांवर प्लासिबोसह चाचणी केली. मात्रा दररोज ३ ग्रॅम, अवधी बारा महिने. २०१८ चा निष्कर्ष असा, की अंकुरांच्या संख्येत वा आकारात फरक आढळला नाही.

‘कर्क्युमिन म्हणजे हरिद्रा नव्हे’ हे आपले ठरलेले उत्तर. शास्त्रदृष्ट्या ते योग्यच आहे. पण मग २००६ चा आकडा तरी हरिद्रेच्या खात्यावर कसा जमा होतो?

औषध विक्रेत्यांनी ‘कर्करोग प्रतिबंधक’ असे फलक उतरवावेत. आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा १९५४ चा कायदा त्यांस मनाई करतोच. वैद्यांनी अग्नी, आहार, मलप्रवृत्ती यांचा विचार अवश्य करावा. मात्र अशा कुटुंबातील व्यक्तीस शेवटची कोलोनोस्कोपी केव्हा झाली हे आधी विचारावे, आणि झाली नसल्यास त्याच दिवशी तज्ज्ञाच्या नावे चिठ्ठी द्यावी.