प्रौढांचे बायबलवाचन

मढ बेटावर एरंगळ येथील संत बोनाव्हेंचरचे चर्च सोळाव्या शतकातले. परंतु तेथील मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती कोळ्यांच्या मिस्सेची भाषा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत (१९६२-६५) लॅटिनच राहिली. वस्तुतः फादर स्टीफन्स यांनी १६१६ सालीच मराठी ओव्यांत ‘ख्रिस्तपुराण’ रचून वाट दाखविली होती. पुढे पंडिता रमाबाईंनी सामान्य बायांस कळावे म्हणून अवघे बायबल सोप्या मराठीत आणिले. १९६५ साली परिषदेनेही सर्व श्रद्धावंतांस शास्त्रवाचनाचा आग्रह केला. तेव्हा प्रौढ स्त्रीपुरुषांनी मंडळे करून स्वभाषेत बायबल अभ्यासावे, हे आम्हांस सर्वथा इष्ट वाटते.

मात्र अभ्यास म्हणजे पाठांतर नव्हे. जेथे मासळी विकणारी बाई उपदेशकास शंका विचारू शकत नाही, तेथे अभ्यास कसला? शेजाऱ्यासही बोलवावयाचे तर आमिष व दडपण दोन्ही टाळूनच. राज्यघटनेच्या २५व्या कलमाने धर्मप्रसाराचा हक्क दिला आहे. परंतु त्यात दुसऱ्यास धर्मांतरित करण्याचा हक्क येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली दिला. ज्या मंडळात समजून नाकारण्याची मोकळीक आहे, तेथील स्वीकारासच आम्ही श्रद्धा म्हणू.