असं का बरं? – दुखतंय, पण दिसत नाही!



ताप आला की आई काय करते? थर्मामीटर लावते. मलेरियाचा संशय आला तर बोटाला टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली जंतू शोधतात. आजोबांना मधुमेह असेल तर रक्तातली साखर मोजतात. शरीरात मोजता येणाऱ्या अशा खुणेला शास्त्रज्ञ ‘बायोमार्कर’ म्हणतात. आपण तिला आजाराची खूण म्हणू या.

पण अशी खूण सापडलीच नाही तर? माणूस आजारी नाही असं म्हणायचं का? ऐका तर एक खरी हकीकत.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर हल्ला केला. घरातल्या मोठ्यांना विचारा, तिथे अडकलेल्या लाखाहून जास्त भारतीयांना तेव्हा विमानांनी मुंबईला आणलं होतं. पुढे जानेवारी १९९१ मध्ये अमेरिका आणि तिच्या मित्रदेशांनी इराकविरुद्ध युद्ध सुरू केलं. जमिनीवरची लढाई तर अवघी १०० तास चालली! अमेरिकेचे जवळजवळ सात लाख सैनिक तिकडे गेले होते. ते जिंकून घरी आले.

पण घरी आल्यावर त्यांच्यातले कितीतरी जण आजारी पडले. सतत थकवा, डोकेदुखी, सांधेदुखी, पोटाच्या तक्रारी, झोप नाही, साध्या गोष्टीही आठवेनात. डॉक्टरांनी रक्त तपासलं. रिपोर्ट नॉर्मल! मग बरेच जण म्हणू लागले, “हा मनावरचा ताण आहे, दुसरं काही नाही.”

बिचारे सैनिक! दुखतंय ते दुखतंयच, वर कोणी विश्वासही ठेवेना.

अखेर २००८ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांच्या एका सरकारी समितीने सांगितलं, की हा आजार खरा आहे आणि दर चार सैनिकांमागे किमान एकाला तो आहे. विषारी वायूपासून बचाव व्हावा म्हणून दिलेल्या गोळ्या आणि किडे मारण्याची औषधं यांच्याशी त्याचा संबंध दिसतो, असंही समितीने म्हटलं. ‘सारिन’ नावाच्या विषारी वायूवरही शास्त्रज्ञांचा संशय होता.

आता गंमत बघा. एकाच तळावर राहिलेल्या दोघांपैकी एक आजारी आणि दुसरा ठणठणीत. असं का बरं? २०२२ साली टेक्सासमधल्या डॉ. रॉबर्ट हेली यांच्या गटाने १,०१६ माजी सैनिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातले निम्मे आजारी होते, निम्मे निरोगी. आपल्या रक्तात सारिनसारख्या विषाचे तुकडे करणारा एक पदार्थ असतो. तो बनवणाऱ्या जनुकाचे दोन प्रकार आहेत, ‘क्यू’ आणि ‘आर’. आपल्याला एक आईकडून मिळतो, एक बाबांकडून. ‘क्यू’ सारिनचा फडशा लवकर पाडतो, ‘आर’ मात्र त्या कामात कच्चा! ज्यांना दोन्हीकडून ‘आर’च मिळाला होता आणि ज्यांनी विषारी वायूचे भोंगे वाजताना ऐकले होते, त्यांच्यात हा आजार सर्वांत जास्त आढळला.

मग खूण सापडली का? अजून नाही. कोणाला धोका जास्त, एवढंच हे जनुक सांगतं. आज कोण आजारी आहे, ते नाही सांगत. म्हणून शास्त्रज्ञ रक्तातली द्रव्यं तपासताहेत, मेंदूची चित्रं काढताहेत. फरक दिसतात, पण अडचण अशी : चौथीच्या मुलांची सरासरी उंची तिसरीपेक्षा जास्त असते, हो की नाही? पण एकट्या मुलाची उंची मोजून तो चौथीतलाच, असं छातीठोकपणे सांगता येईल का? नाही. तसंच इथे आहे. आजही डॉक्टर लक्षणं विचारूनच हा आजार ओळखतात. पक्की खूण सापडली, तर औषध लागू पडतंय का तेही मोजता येईल.

जाता जाता माझी एक चूक सांगते. आमच्या वर्गातली एक मुलगी रोज म्हणायची, “बाई, डोकं दुखतंय.” मी कपाळाला हात लावला. ताप नव्हता. “अभ्यास टाळायला निमित्त!” म्हणून मी तिला जागेवर बसवलं. महिन्याभराने कळलं, तिला चष्मा लागला होता. तिचं दुखणं खरंच होतं. मीच चुकीच्या ठिकाणी शोधत होते. तापाने नजर थोडीच मोजता येते? मी तिची माफी मागितली.

म्हणून मुलांनो, दुखत असेल तर लाजू नका. कुठे, केव्हा, किती वेळ दुखतं, ते नीट सांगा. आणि पालकहो, रिपोर्ट नॉर्मल आला तरी मुलाचं म्हणणं एकदा पुरतं ऐकून घ्या.

पुढच्या आठवड्यात भेटूच!

तुमच्या बाई