चौदा आचारी, एक पातेलं

नवीन एफ.ई.ची बॅच हॉस्टेलला आली की पहिल्या आठवड्यात तीन प्रश्न ठरलेले असतात. मेसचं जेवण कसंय? रॅगिंग होतं का? आणि लॅपटॉप घेऊ की पीसी जमवू?

पहिल्याचं उत्तर तुमची जीभ देईल. दुसऱ्याचं उत्तर ठाम 'नाही', आणि तरी कुणी प्रयत्न केलाच तर रेक्टर सरांची खोली जिन्याला लागूनच आहे. तिसऱ्या प्रश्नावर मात्र आमच्या विंगमध्ये रात्री दोन-दोन वाजेपर्यंत भांडणं झाली आहेत. त्या भांडणात मी एक पार्टी असल्यामुळे हा लेख निःपक्षपाती असेल अशी अपेक्षा ठेवू नका. प्रामाणिक मात्र आहे.

गोष्ट माझ्या रूम पार्टनरची. गाव निफाडकडचं, घरी कांदा. एस.ई.ला असताना कांद्याची पट्टी बरी आली आणि अण्णांनी मुलाच्या हातावर कॉम्प्युटरचे पैसे ठेवले. "एकदाच घे, पण चांगला घे," एवढंच म्हणाले. पार्टनरने आठवडाभर व्हिडिओ बघितले आणि एक दिवस खोक्यातून झिऑन काढला. इंटेल झिऑन ई५-२६८० व्ही४. चौदा कोर, अठ्ठावीस थ्रेड, ३५ एमबी कॅश! माझ्या लॅपटॉपात ए.एम.डी. रायझन ५ ५६००एच. सहा कोर, बारा थ्रेड, १६ एमबी कॅश. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं तालमीतला पैलवान कॅरम खेळणाऱ्याकडे बघतो.

आता हा झिऑन इतक्या स्वस्तात कसा मिळतो, ते आधी सांगतो. हा प्रोसेसर २०१६ साली आला तो सर्व्हरसाठी. मोठमोठ्या डेटा सेंटरमध्ये अशी हजारो मशीन्स रात्रंदिवस चालतात. काही वर्षांनी तिथे नवीन माल येतो आणि जुने प्रोसेसर बाजारात ढिगाने उतरतात. त्यांच्यासाठी एक्स९९ नावाने विकले जाणारे चिनी बनावटीचे मदरबोर्ड मिळतात. म्हणजे एके काळी सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर असलेली वस्तू आज विद्यार्थ्याच्या खिशाला परवडते. यात फसवणूक काहीच नाही. आकडेही खोटे नाहीत. फसतो तो आपला अर्थ लावण्यात!

पहिल्याच शनिवारी काउंटर-स्ट्राइक २ लावलं. विंगमधले सहा-सात जण बघायला जमले. आणि पैलवान दमला! धुराचे गोळे फुटले, चार-पाच जण एकदम समोर आले की पार्टनरचा स्क्रीन अडखळायचा. माझ्या लॅपटॉपचा पंखा विमानासारखा ओरडत होता, पण चित्र सुरळीत पळत होतं. पार्टनरने टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसरचा वापर तीस टक्केसुद्धा नव्हता. "अरे, हा तर झोपलाय! मग अडकतोय कशाला?"

हा प्रश्न महत्त्वाचा आहे. उत्तर मला मेसमध्ये सापडलं. पोळ्या लाटायला चौदा जण बसले तर पोळ्या पटापट होतात, मान्य. पण पातेल्यातला भात शिजायला वीस मिनिटं लागतात, आणि पातेल्याभोवती चौदा आचारी उभे केले म्हणून तो दीड मिनिटात शिजत नाही. तेरा जण नुसते तंबाखू मळत बसतात.

गेममध्ये असंच होतं. सेकंदाला ६० चित्रं हवी असतील तर प्रत्येक चित्रासाठी जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. त्यात कळ कुठली दाबली, कोण कुठे सरकलं, गोळी कुणाला लागली, हे एकामागून एक ठरवावं लागतं. आधीचं ठरल्याशिवाय पुढचं ठरत नाही. काही कामं वाटून देता येतात, पण मुख्य धागा एकच. तो ज्या कोरवर पळतो, त्या एका कोरचा वेग खरा. झिऑनचा एक कोर जास्तीत जास्त ३.३ गिगाहर्ट्झवर पळतो आणि सगळे कामाला लागले की त्याहून खाली येतो. रायझनचा कोर ४.२ पर्यंत जातो, शिवाय तो २०२१ चा, नव्या रचनेचा, म्हणजे घड्याळाच्या एका ठोक्यात जास्त काम उरकणारा.

एवढं सांगून थांबलो असतो तर पार्टनर म्हणाला असता, "तुझा लॅपटॉप म्हणून तू बोलतोस." म्हणून हिशोब मांडला. जीन अ‍ॅमडाल यांचा १९६७ सालचा नियम आपण परीक्षेपुरता पाठ करतो: कामाचा जो भाग वाटता येत नाही, तो कितीही कोर लावले तरी तसाच राहतो. समजा, लॅपटॉपच्या एका कोरला १०० मिनिटं लागतील असं काम आहे, आणि झिऑनचा एक कोर त्याच्या ६० टक्के वेगाचा आहे. अर्धंच काम वाटता येत असेल तर सहा कोरचा लॅपटॉप साधारण ५८ मिनिटांत मोकळा होतो. चौदा कोरच्या झिऑनला ८९ मिनिटं लागतात! आता ९८ टक्के काम वाटता येणारं घ्या. लॅपटॉपला १८ मिनिटं, झिऑनला १५. हा कागदी हिशोब आहे, प्रत्यक्षात बाकीच्या भानगडी असतात. पण सूत्र तेच. सहाच्या दुपटीहून जास्त कोर घेऊन, जवळजवळ सगळं काम वाटता येत असतानासुद्धा, फायदा तीन मिनिटांचा.

न्याय म्हणून एक गोष्ट सांगतो. गेमचं चित्र खूप भारी सेटिंगवर ठेवलं तर बहुतेक ओझं ग्राफिक्स कार्डावर जातं आणि प्रोसेसरमधला फरक झाकला जातो. लॅपटॉपमधलं ग्राफिक्स कार्ड डेस्कटॉपच्या त्याच नावाच्या कार्डाइतकं जोरदार नसतं, हेही खरं. पण झिऑनला ग्राफिक्स कार्ड वेगळं घ्यावंच लागतं, कारण ई५ मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही. पार्टनरने ते सेकंडहँड घेतलं. मग पॉवर सप्लाय, कॅबिनेट, मॉनिटर. स्वस्तातला प्रोसेसर म्हणता म्हणता पट्टीतला शेवटचा रुपया गेला. त्यात विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत हा प्रोसेसर नाही. आडमार्गाने टाकता येतं, पण आडमार्ग तो आडमार्गच.

दिवाळीला घरी जाताना मी लॅपटॉप पाठीला लावून एसटीत चढलो. पार्टनर रिकाम्या हाताने. घरी गेल्यावर अण्णांनी विचारलं, "दाखव की रे तुझा कॉम्प्युटर." बिचाऱ्याने मोबाइलवर फोटो दाखवला. हे त्याने मला सांगितलं तेव्हा आम्ही दोघंही हसलो, पण तो जरा कमी हसला.

इथे गोष्ट संपली असती तर लेख सोपा होता: झिऑन वाईट, लॅपटॉप चांगला. पण मग बी.ई.चा प्रोजेक्ट आला.

आमचा विषय इनटेक मॅनिफोल्डमधला हवेचा प्रवाह. ओपनफोमवर सिम्युलेशन. माझ्या लॅपटॉपला १६ जीबी मेमरी. जाड मेश कशीबशी बसली, पण गाईड सरांनी "बारीक करा" म्हटलं आणि लॅपटॉपने मान टाकली. शिवाय तासाभराच्या लोडनंतर तो इतका तापायचा की वेग आपोआप कमी व्हायचा. मे महिन्यात, दुसऱ्या मजल्यावर, पत्र्याखाली... तुम्हीच समजून घ्या.

पार्टनरने झिऑनवर लिनक्स टाकलं. सर्व्हरची जुनी मेमरी मिळवून ६४ जीबी केली. मेशचे चौदा तुकडे करून चौदा कोरना वाटून दिले. आणि पैलवान आखाड्यात उतरला! हे काम खरोखर वाटता येणारं होतं. वर झिऑनचा मेमरीकडे जाणारा रस्ता चार पदरी, सेकंदाला ७६.८ जीबीपर्यंत; माझ्या लॅपटॉपचा दोन पदरी, ५१.२. असल्या सिम्युलेशनमध्ये हा रस्ताच बऱ्याचदा अडतो. मशीन रात्रभर एकाच सुरात गुणगुणत राहिलं. सकाळी चहा घेऊन आलो तर उत्तर तयार. नंतर तर शेजारच्या दोन ग्रुपची रन्सही आमच्याच खोलीत चालली. पार्टनरच्या टेबलावर वेटिंग लिस्ट चिकटवली होती.

तेव्हा मला काय ते कळलं. हा प्रोसेसर एका माणसासाठी बनवलेलाच नाही. सर्व्हर म्हणजे अनेकांना वाढणारा. पंगतीचं पातेलं एकट्याच्या डब्यासाठी विकत घेतलं, की गैरसोय होणारच. पंगत बसली की त्याच्यासारखं भांडं नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे. ज्युनियर मित्रांनो, स्वतःसाठी साधा, बरा लॅपटॉप घ्या. जर्नल, कोडिंग, कॅड, थोडं गेमिंग, सगळं निभतं. वीज गेली तरी तास-दोन तास चालतो आणि अण्णांना घरी नेऊन दाखवता येतो. जास्त कोरच्या मोहात पडण्याआधी आपलं रोजचं काम चालू ठेवून मित्राच्या मशीनवर टास्क मॅनेजर बघा. अठ्ठावीस थ्रेडच्या मशीनवर एका थ्रेडचं काम चालू असेल तर आकडा साधारण ४ टक्के दिसेल. बाकी ९६ टक्के म्हणजे घरच्यांचे झोपलेले पैसे. रेंडरिंग, सिम्युलेशन, एकावेळी चार-पाच व्हर्च्युअल मशीन्स असं तुमचं रोजचं काम असेल, तरच झिऑनच्या वाटेला जा.

आणि सरांना एक विनंती. वर्षातून दोन महिने प्रत्येक प्रोजेक्ट ग्रुपला ताकदवान मशीन लागतं, उरलेले दहा महिने लागत नाही. त्यासाठी प्रत्येक बापाने का खर्च करावा? एक चांगलं सर्व्हर मशीन डिपार्टमेंटमध्ये असावं, आणि हॉस्टेलच्या लॅनवरून रात्रीही त्यावर लॉगिन करता यावं. लॅब साडेपाचला बंद होते, आमची डोकी त्यानंतर चालू होतात. कुलपाची काळजी नको. मशीन आतच राहील, आम्ही बाहेरून काम करू.

पार्टनर पास झाला, नोकरीला लागला. जाताना झिऑन नेला नाही. "गावी नेऊन काय करू? इथे कुणाचा तरी प्रोजेक्ट होईल," म्हणाला. आता ते मशीन माझ्या ज्युनियर्सच्या खोलीत गुणगुणतंय. पहिल्या पगारात त्याने एक साधा लॅपटॉप घेतला आणि थेट गाव गाठलं. अण्णांनी तो हातात घेऊन वजन बघितलं आणि विचारलं, "एवढाच?"

– अंतिम वर्ष, मेकॅनिकल