घरी आलेला कारागीर आणि आपले कर्तव्य



नळाची तोटी गळू लागली, मोरी तुंबली किंवा भिंतीतला पाइप फुटला, की आपण प्लंबरला बोलावतो. काम होते, पैसे दिले जातात आणि विषय संपतो. इतक्या क्षुल्लक गोष्टीवर लेख लिहिण्याचे कारण काय, असे आपल्या मनात येईल. कारण असे की, त्या एका तासापुरते आपण मालक झालेले असतो. हक्क मागण्याची सवय आपल्या समाजाला संघर्षाने लागली आहे. दुसऱ्याचे हक्क आपल्या हाती आले असता आपण कसे वागतो, याची परीक्षा मात्र अशाच क्षुल्लक प्रसंगी होते.

मी शिवडीचा. मुंबई विकास खात्याने 1920 नंतरच्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे ज्या चाळी उभारल्या, त्यांची रचना आपल्यापैकी पुष्कळांच्या परिचयाची आहे. तळमजला व वर तीन मजले, एकशे साठ चौरस फुटांची खोली, आणि मजल्यावर सर्वांना मिळून सामाईक संडास. या भागातील इतर जुन्या चाळींची स्थिती फारशी निराळी नाही. अशा ठिकाणी पाइप एका कुटुंबाचा नसतो. वरच्या मजल्यावरची गळती खालच्याच्या अंथरुणावर पडते आणि तळाशी तुंबलेले चेंबर साऱ्या चाळीला कोंडीत पकडते.

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे असेच झाले. संडासाची लाइन तुंबली, घाण पाणी तळमजल्याच्या पडवीत आले. चाळीतील प्रमुख मंडळींनी वर्गणी काढून एका प्लंबरला बोलावले. घासाघीस होऊन रक्कम ठरली. तो आपल्याबरोबर पन्नाशीचा एक कृश इसम घेऊन आला. चेंबरचे झाकण उघडले गेले, त्या इसमाने सदरा काढून कठड्यावर ठेवला आणि कमरेला दोर बांधू लागला. गॅलरीतून एका वृद्ध बाईंनी विचारले, "अहो, हा माणूस आत उतरणार का?" प्लंबर हसून म्हणाला, "आजी, काळजी करू नका. त्याला सवय आहे."

मी त्या वेळी न्यायालयात जाण्यासाठी जिना उतरत होतो. खोटे कशाला सांगू? माझ्या मनात प्रथम विचार आला तो उशीर होत असल्याचा. पाच-सहा पायऱ्या मी तसाच उतरलोही. परंतु "त्याला सवय आहे" हे शब्द कानात राहिले. आपल्या आजोबा-पणजोबांविषयी गावोगाव हेच बोलले जात असे. मेलेले ढोर ओढायची यांना सवय आहे, उष्टे खायची यांना सवय आहे, गावाबाहेर राहायची यांना सवय आहे! जे काम स्वतःच्या मुलाने केलेले आपल्याला चालणार नाही, त्या कामाची दुसऱ्याला सवय असते असे म्हणण्याइतके सोपे समर्थन जगात दुसरे नाही.

मी मागे फिरलो आणि दोर सोडावयास सांगितला. त्यावरून वाद झाला. "वकीलसाहेब, घाण आमच्या दारात आहे, तुमची खोली वर आहे," असे एक गृहस्थ म्हणाले. आणि त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. अखेर यंत्राची गाडी मागवावी असे ठरले. दोन दिवस गेले, वर्गणी दुप्पट झाली, आणि त्या दोन दिवसांत तळमजल्याची कुटुंबे वरच्या मजल्यांवरील संडास वापरीत होती. त्या इसमाला आम्ही दिवसाची मजुरी दिली व चहा पाजला. तो जाताना एवढेच म्हणाला, "साहेब, उद्या दुसरीकडे उतरावंच लागेल." या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध पहिला केंद्रीय कायदा 1993 साली झाला आणि अधिक व्यापक असा दुसरा 2013 साली. या दुसऱ्या कायद्याच्या सातव्या कलमान्वये संरक्षक साधने व खबरदारी यांवाचून कोणालाही मैलावाहिनी किंवा सेप्टिक टाकी साफ करण्यास लावणे गुन्हा आहे. ही मनाई केवळ महापालिकेला नाही. कोणतीही व्यक्ती किंवा संस्था, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष रीतीने, असे काम करवून घेऊ शकत नाही. 'अप्रत्यक्ष' हा शब्द आपण नीट ध्यानात ठेवावा. "आम्ही प्लंबरला काम दिले, त्याने कोणाला उतरवले ते आम्हांला ठाऊक नाही," ही पळवाट त्या शब्दाने बंद केली आहे. पहिल्या अपराधास दोन वर्षांपर्यंत कारावास, किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा आहेत. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे.

हे केवळ कागदावरचे भय नव्हे. डिसेंबर 2019 मध्ये गोवंडी येथील एका गृहनिर्माण संस्थेची सेप्टिक टाकी साफ करताना तीन कामगार गुदमरून मेले. त्यांच्या विधवा उच्च न्यायालयात गेल्या आणि सप्टेंबर 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रत्येकीस दहा लाख रुपये देण्याचा आदेश शासनाला दिला. सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली ठरविलेली ही दहा लाखांची भरपाई ऑक्टोबर 2023 च्या निर्णयाने तीस लाखांवर नेली. ध्यानात घ्या, ती टाकी सरकारी गटार नव्हती. आपल्यासारख्याच कुटुंबांच्या इमारतीची होती. त्या कुटुंबांनीही बहुधा स्वस्तात काम उरकले, एवढाच विचार केला असेल.

परंतु कारागिराशी न्यायाने वागणे म्हणजे त्याच्याकडून फसवून घेणे नव्हे. या बाबतीतही आपल्या लोकांत दोन टोके दिसतात. काहीजण पाच-पन्नास रुपयांसाठी त्याला घाम फोडतात, तर काहीजण संकोचाने तो मागेल ती रक्कम देऊन मागाहून हळहळतात. दोन्हींचे मूळ एकच आहे. करार करण्याची सवय आपल्याला नाही. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या वेठीला धरले गेले, त्यांना काम सुरू होण्यापूर्वी अटी ठरविण्याचा अधिकार कोणी दिलाच नव्हता. म्हणून ही सवय आपण मुद्दाम लावून घेतली पाहिजे.

काम सुरू होण्यापूर्वी काय बिघडले आहे ते कारागिराला प्रत्यक्ष दाखवावे आणि मजुरी किती व माल किती हे वेगवेगळे विचारावे. माल कोण आणणार ते ठरवावे. तो आणणार असेल तर दुकानाची पावती मागावी. काढलेला जुना नळ वा व्हॉल्व आपला आहे, तो परत मागण्यात लाज नाही. साध्या वहीच्या पानावर कामाचे स्वरूप, रक्कम, तारीख आणि गळती पुन्हा सुरू झाल्यास किती दिवसांपर्यंत तो विनामोबदला येईल, एवढे लिहून दोघांनी सही करावी. 1872 च्या करार कायद्याप्रमाणे तोंडी करारही वैध असतो. परंतु वाद उपस्थित झाला की तोंडी शब्द सिद्ध करणे जड जाते. मालापुरती रक्कम आगाऊ द्यावी, आणि नळ सोडून, सांधा कोरडा राहतो हे पाहून, उरलेली मजुरी त्याच क्षणी द्यावी. "उद्या या" असे कारागिराला सांगणे हे त्याच्या घरची चूल एक दिवस विझविणे आहे. आणखी एक गोष्ट. महापालिकेच्या जलवाहिनीवरून जोडणी घ्यावयाची असेल, तर ते काम परवानाधारक प्लंबरकडूनच करून घ्यावे. चोरून घेतलेली जोडणी स्वस्त पडत नाही.

इतके करूनही फसवणूक झाली, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली मोबदला देऊन घेतलेली अशी सेवा येते. प्रथम लेखी नोटीस द्यावी. दाद न मिळाल्यास दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करावी. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, आणि वकील दिलाच पाहिजे असेही नाही. माझ्या व्यवसायबंधूंना हे वाक्य आवडणार नाही. पण सत्य आहे.

आता मजुरीच्या घासाघिशीविषयी. 1982 साली दिल्लीतील आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, गरजेपोटी किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबणारा माणूस संविधानाच्या तेविसाव्या अनुच्छेदाच्या अर्थाने सक्तीची मजुरीच करीत असतो. भूक हीसुद्धा सक्ती आहे, हे तत्त्व त्या निर्णयाने मान्य केले. भाव विचारावा, दुसरीकडे चौकशी करावी. मात्र समोरच्याची अडचण ओळखून तिचा फायदा घेणे, याला व्यवहारचातुर्य म्हणू नये.

शेवटी पाण्याविषयी. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळात ऑगस्ट 1923 मध्ये संमत झाला होता. तरीही 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला, आणि त्या तळ्याचा न्यायालयीन निकाल उच्च न्यायालयातून लागावयास मार्च 1937 उजाडला. पुढे संविधानाच्या पंधराव्या व सतराव्या अनुच्छेदांनी तो हक्क साऱ्या देशाला दिला. ज्यांच्या पूर्वजांना पाण्यासाठी दहा वर्षे न्यायालयाची पायरी झिजवावी लागली, त्यांच्या घरात पाण्याचा नळ दुरुस्त करणाऱ्याला वेगळ्या भांड्यातून पाणी दिले जात असेल, तर दीक्षा घेऊन आपण काय बदलले? मुंबईत येणारे कितीतरी प्लंबर ओडिशातील केंद्रापाडा भागातले असतात, काही उत्तरेकडचे, काही आपल्याच कोकणातले. त्यांचे आडनाव, गाव आणि जात विचारण्याचे कारण नाही. त्यांचे काम कसे आहे एवढेच विचारावे.

किंबहुना मी पुढे जाऊन म्हणेन की, हे कसब आपल्या मुलामुलींनी शिकावे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून प्लंबरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. पाना हातात धरणाऱ्याला जात नसते. शिकून मिळविलेल्या कसबावर जन्माचा शिक्का बसत नाही. शिक्षणाने कमावलेला धंदा आणि जन्माने लादलेले काम यांत जो फरक आहे, तोच त्या प्लंबरमध्ये आणि दोर बांधणाऱ्या त्या इसमामध्ये होता.

तो इसम आज कोणत्या चाळीच्या अंगणात उभा असेल, मला ठाऊक नाही. "उद्या दुसरीकडे उतरावंच लागेल," या त्याच्या वाक्याला मी एकटा उत्तर देऊ शकत नाही. तो जेथे जाईल तेथे गॅलरीतून कोणीतरी विचारले पाहिजे आणि जिन्यावरून कोणीतरी मागे फिरले पाहिजे. बंधु-भगिनींनो, पुढच्या वेळी आपल्या दारातले झाकण उघडले जाईल, तेव्हा ते काम आपण करावे, एवढीच विनंती.