खेळण्यांतील पुराण आणि नांवांचें ऋण

मुलांच्या खेळण्यांविषयीं या पानावर लिहिण्याचें प्रयोजन काय, असा प्रश्न कांहीं वडीलधाऱ्या वाचकांच्या मनांत येईल. त्यांस आमचें उत्तर इतकेंच कीं, पूर्वीं खेळणें बाजारांतून येई आणि गोष्ट आजीकडून मिळे. आतां गोष्टही खेळण्याच्याच खोक्यांतून बाहेर पडते. जेथें गोष्ट येते तेथें देव येतो, दैत्य येतो, सृष्टीची उत्पत्ति येते. आणि जेथें हीं येतात तेथें घरांतील वडिलांचें लक्ष असणें अवश्य आहे.

उदाहरणार्थ एकच मालिका घेऊं. डेन्मार्क देशांतील बिलुंड या गांवीं ओल कर्क क्रिस्तियानसन नांवाच्या सुतारानें १९३२ सालीं एक लहानसा कारखाना काढला. तोच पुढें ‘लेगो’ या नांवानें जगभर प्रसिद्धीस आला. ‘नीट खेळ’ अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांचा हा संक्षेप होय. या कारखान्यानें २००१ सालीं ‘बायोनिकल’ नांवाची यंत्रवीरांची मालिका पुढें आणली. ती २०१० पर्यंत चालली, २०१५ सालीं पुन्हां सुरू झाली आणि दुसऱ्याच वर्षीं थांबली. तथापि तिच्यासाठीं रचलेली कथा अद्याप आवडीनें वाचिली जाते, आणि आमच्या मतें ती विचार करण्याजोगी आहे.

कथा अशी. एका बेटावर सहा गांवें आहेत व प्रत्येक गांवास एक वृद्ध, जाणता पुढारी आहे. सर्वांचा रक्षणकर्ता जो महात्मा ‘माता नुई’, त्यास ‘माकुटा’ नामक त्याच्या बंधूनें मत्सरानें गाढ निद्रेंत टाकलें आहे. पुढें सहा वीर नळकांड्यांतून समुद्रकिनाऱ्यास लागतात. त्यांचे अवयव सुटे झालेले, पूर्वस्मृति नष्ट झालेली. ते आपला देह आपणच जोडतात, शक्ति देणारे मुखवटे शोधून काढतात, आणि ऐक्य, कर्तव्य व नियति या तीन तत्त्वांच्या आधारें माकुटाशीं झुंजतात. खेळणेंही नळकांड्यांतच मिळे आणि त्याचे सुटे भाग मूल आपल्या हातांनीं जोडी. म्हणजे कथेंतील वीराचा जन्म आणि मुलाचा खेळ या दोन गोष्टी एकरूप झाल्या. हें रहस्य एवढ्यावरच संपलें नाहीं. माता नुई हा स्वतःच एक विराट यंत्रपुरुष आहे, तें बेट त्याच्या पडलेल्या देहाच्या मुखावरच वसलेलें आहे, आणि त्याच्या देहांत एक अवघें विश्व नांदत आहे, असें २००८ सालीं वाचकांपुढें उघड झालें.

पुराणें ऐकून वाढलेल्या कोणासही येथें ओळखीचीं चिन्हें दिसतील. ज्याच्या अवयवांपासून सूर्य, चंद्र व दिशा झाल्या तो ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील पुरुष आठवेल. प्रलयजलावर वटवृक्षाच्या शाखेवर पहुडलेल्या बालकाच्या मुखांत शिरून आंत नद्या, पर्वत, नगरें पाहणारा वनपर्वांतील मार्कंडेय आठवेल. शेषशायी विष्णूची योगनिद्रा व त्याला जागृत करण्यासाठीं ब्रह्मदेवानें केलेली स्तुति आठवेल. दुसऱ्या देशांकडे पाहावें तर नॉर्स कथांत यमीर नामक राक्षसाच्या मांसाची पृथ्वी व कवटीचें आकाश झालें. मिसर देशांत ओसायरिस या देवाचा घात त्याचा भाऊ सेत यानेंच केला.

साम्य पाहावें तसा भेदही पाहावा, नाहीं तर तुलना अर्धीच राहते. विष्णूची निद्रा ही त्याचीच शक्ति आहे. ती त्याच्यावर कोणी शत्रूनें लादलेली नाहीं. माता नुईची निद्रा हा मात्र निव्वळ घात आहे. दुसरें असें कीं, आपला विराट पुरुष कोणी घडविलेला नाहीं. माता नुई हा ‘महाजीव’ म्हणविणाऱ्या कारागिरांनीं एका विशिष्ट कार्यासाठीं घडविलेला आहे. तो सर्वसमर्थ ईश्वर नव्हे, आपल्या कर्तव्याला बांधलेला एक सेवक होय. यंत्रयुगाच्या पुराणांत देवासही नेमून दिलेलें काम असावें, हें मोठें सूचक आहे.

आतां आमच्या कांहीं मित्रांस अशा वेळीं जो मोह होतो त्याविषयीं बोलूं. ‘माता’ हा तर आपलाच शब्द, आणि ‘माकुटा’ म्हणजे संस्कृत ‘मकुट’. तेव्हां हें सारें आपल्याकडूनच तिकडे गेलें, असें ते तत्काळ म्हणतील. परंतु नादसाम्य म्हणजे नातें नव्हे. न्यूझीलंडांतील माओरी लोकांच्या भाषेंत ‘माता’ म्हणजे मुख अथवा डोळा, आणि ‘नुई’ म्हणजे मोठें. मलय भाषेंतही ‘माता’ म्हणजे डोळाच. आपल्या जननीशीं या शब्दाचा कांहीं संबंध नाहीं. ‘महामुख’ असा अर्थ एकदां कळला म्हणजे मुखावर वसलेल्या बेटाचें नांव किती अन्वर्थक आहे तें ध्यानांत येतें.

कथेचें बीज कोठून आलें हेंही ज्ञात आहे. तिच्या आद्य कल्पकांपैकीं क्रिस्तियान फाबर या डॅनिश चित्रकारास मस्तकांत एक गांठ झाली होती. ती घातक नव्हती, परंतु औषध नित्य घ्यावें लागे. प्रत्येक मात्रेसरशीं आपल्या देहांत लहानग्या सैनिकांची एक तुकडी शिरते व आपल्या वतीनें लढते, अशी कल्पना त्यानें केली. निजलेला विराट देह आणि त्याला बरें करण्यास नळकांड्यांतून आलेले वीर, हें त्या कल्पनेचेंच रूप होय. ‘पिंडीं तें ब्रह्मांडीं’ हें आपण शास्त्रांतून शिकतों. तो आजाराच्या शय्येवर शिकला. मनुष्याचा देह सर्वत्र एकच आहे, तशीं त्याचीं दुःखेंही एकच आहेत. म्हणून कथांचा सांगाडा निरनिराळ्या देशांत सारखा निघतो. त्यावर कोणाचीही मालकी नाहीं.

नांवांची गोष्ट मात्र निराळी आहे. या मालिकेंतील कितीएक नांवें माओरी भाषेंतून उचललीं होतीं. ‘तोआ’ म्हणजे योद्धा. ‘पोहातू’ म्हणजे पाषाण. ‘व्हेनुआ’ म्हणजे भूमि, आणि वारही. त्या लोकांत बालकाची वार भूमींत पुरण्याची चाल आहे, म्हणून एकाच शब्दांत माय आणि माती दोन्ही सामावलेलीं. बेटावरील सामान्य, बुटक्या ग्रामस्थांस ‘तोहुंगा’ असें नांव दिलें होतें. माओरींत तोहुंगा म्हणजे विद्यावंत, मंत्रज्ञ, आपल्या शब्दांत शास्त्री व वैद्य. न्यूझीलंडच्या सरकारनें १९०७ सालीं कायदा करून याच तोहुंगांच्या आचारावर बंदी घातली होती, आणि ती १९६२ पर्यंत उठली नाहीं. ज्या विद्येसाठीं आजोबा अपराधी ठरले, तिचें नांव नातवाच्या वयाच्या मुलांस खेळण्यावर विकत मिळावें, हें त्या लोकांस कसें वाटलें असेल?

२००१ सालींच माओरींच्या कांहीं जमातींनीं मौई सॉलोमन या वकिलामार्फत लेखी हरकत घेतली. कंपनीचा प्रतिनिधि न्यूझीलंडास जाऊन त्यांस भेटला, आणि पुढील खेळण्यांस माओरी नांवें न देण्याचें आश्वासन कंपनीनें दिलें. ‘तोहुंगा’ हें नांव जाऊन ‘मातोरान’ हें बनविलेलें नांव आलें. कथेंतही एक नामकरणाचा दिवस योजून कांहीं पात्रांचीं नांवें बदललीं. त्यांपैकीं कांहींचें नुसतें लेखन बदललें आणि उच्चार जवळजवळ तोच राहिला. ‘तोआ’, ‘पोहातू’, ‘व्हेनुआ’ आणि ‘माता नुई’ हीं तर तशींच राहिलीं. म्हणजे प्रायश्चित्त झालें, पण अर्धेंच. तथापि एका मोठ्या व्यापारी संस्थेनें लहानशा समाजाचें म्हणणें ऐकून घेतलें, हें तिच्या पदरीं घातलेंच पाहिजे.

या प्रकरणावरून आम्ही जो भेद शिकलों तो असा. कथा ही नदीच्या पाण्यासारखी आहे. ज्यास तहान असेल त्यानें ओंजळ भरून घ्यावी. पवित्र शब्द हा मात्र कोणाच्या तरी देवघरांतील तांब्या आहे. तो घरधन्यास विचारल्यावांचून उचलूं नये. आपल्या देवांचीं चित्रें पादत्राणांवर निघालीं म्हणजे आपण क्षुब्ध होतों; तोच न्याय दुसऱ्यांच्या नांवांस लावण्याची मात्र आपणांस आठवण राहत नाहीं.

तेव्हां गृहस्थ व गृहिणी यांस आमची सूचना अशी कीं, असें खेळणें घरांत असल्यास तें हिरावून घेऊं नये व ‘हें सर्व आपल्याकडे पूर्वींच होतें’ असें म्हणून मुलाचें तोंडही बंद करूं नये. त्याच्याकडून कथा आधीं पूर्ण ऐकावी. मग मार्कंडेयाची कथा आपण सांगावी, आणि तोहुंगा हे खरोखर कोण होते तेंही सांगावें. आपली कथा सांगितल्यानें मुलास आपला वारसा कळेल. दुसरी सांगितल्यानें दुसऱ्यांचाही वारसा असतो हें कळेल. या दोहोंपैकीं एकच शिकविणें म्हणजे अर्धें शिक्षण होय.