उणीव कुठे आहे?

ब्लॅकबेरीने २०११ मध्ये प्लेबुक टॅबलेट आणला, तेव्हा त्यात स्वतःचे ईमेल अ‍ॅपच नव्हते. मेल वाचायचा तर ब्लॅकबेरीचाच फोन जोडा, नाहीतर ब्राउझर उघडा! ज्या कंपनीचे नावच ईमेलमुळे झाले, तिने हे करावे, ही ग्राहकाच्या विश्वासाची केलेली हेळसांड होती. अ‍ॅप आले २०१२ च्या फेब्रुवारीत. तोवर किंमत उतरवावी लागली होती. कोणी म्हणेल, पहिल्या आयफोनमध्ये थ्रीजी नव्हते, कॉपी-पेस्टही २००९ पर्यंत नव्हते, तरी लोकांनी तो डोक्यावर घेतलाच. खरे आहे. पण बोटाच्या स्पर्शाने सहज इंटरनेट पाहता येईल, हा त्याचा मुख्य शब्द त्याने पहिल्या दिवसापासून पाळला होता. प्लेबुकची उणीव नेमकी त्याच्या मुख्य शब्दातच होती.